कन्या राशीतला पाहुणा

अमरावतीच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होते. विभागात बाई मी एकटीच. परदेशी नियतकालिकं बोटीनं यायची, त्यामुळे जगातली खळबळ आमच्यापर्यंत पोचेस्तोवर चांगली शिळी झालेली असायची. साठ सालानंतरच्या एका पावसाळ्यात असाच एक अंक मी लायब्ररीत उभ्याउभ्या चाळत होते. कन्या राशीतल्या एका अंधुक ताऱ्याबद्दल त्यात लिहिलं होतं. लिहिलं होतं ते असं, की हा तारा नाहीच. आपल्या आकाशगंगेत तर नाहीच नाही. त्याचा आज दिसणारा प्रकाश दीडदोनशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि एवढ्या लांबून तो दिसतो याचा अर्थ तो एकटा अख्ख्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी असला पाहिजे.

मी बाकावर बसले. शिपाई विचारायला आला, "मॅडम, बरं नाई वाटून राहिलं का?" मी मानेनंच नाही म्हटलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. पुढे आणखी एक वाक्य होतं, ते पहिल्या वेळी नजरेतून सुटलं होतं. आकाशाच्या जुन्या फोटोंच्या काचा तपासल्या तेव्हा दिसलं की याचं तेज स्थिर नाही, ते कमीजास्त होतं.

हे सांगावं असा घरात एकच माणूस होता, माझे सासरे. ते अकोल्याला वकिली करत. मी त्यांना मामंजी म्हणे. आम्ही दोघं, म्हणजे हे आणि मी, अमरावतीला. मामंजी आणि सासूबाई अकोल्याला. दर पंधरवड्याला शनिवारी आम्ही एस.टी.नं मूर्तिजापूरमार्गे जायचो. मामंजींनी आठ इंची आरसा स्वतः घासून दुर्बीण केली होती. पत्र्याची नळी लोहाराकडून, बैठक मोडक्या छकड्याच्या आसावर, आणि आरशावर चांदी चढवायची ती सासूबाईंच्या मोरीत. चांदीच्या द्रावणानं सासूबाईंचं एक घंगाळं कायमचं काळं झालं होतं. त्याचं उट्टं त्यांनी एकाच गोष्टीनं काढलं: त्या दुर्बिणीला त्यांनी कधी डोळा लावला नाही.

मी अंकातला मजकूर मामंजींना मराठीत सांगितला. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

"एवढ्या लांबची वस्तू, आणि कमीजास्त होते? अख्खी आकाशगंगा कमीजास्त होते?"

"काय आहे ते कुणालाच माहीत नाही, मामंजी."

"मग बघायला हवं," ते म्हणाले, आणि उठून गच्चीवर गेले. बाहेर पाऊस कोसळत होता. कन्या रास सूर्याबरोबरच मावळत होती. ते सगळं त्यांना ठाऊक होतं, तरी ते पायरीवर उभे राहून वर बघत होते.

होळी झाली आणि कन्या संध्याकाळी पूर्वेला वर येऊ लागली. अंकातल्या फोटोवरून मी नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून घेतला होता. शोधायला तीन शनिवार गेले. ज्या दिवशी सापडला त्या दिवशी मामंजींनी बाजूला होऊन मला जागा करून दिली. मी डोळा लावला. एक टिंब. आजूबाजूच्या टिंबांसारखंच एक टिंब. माझ्या अंगावर काटा आला, तो दिसलं त्यामुळे नव्हे. इतकं साधं दिसलं त्यामुळे.

मामंजींनी त्याला 'पाहुणा' म्हणायला सुरुवात केली. त्याच्याजवळ दोन खरेखुरे तारे होते, एक त्याच्यापेक्षा थोडा उजळ, एक थोडा मंद. त्यांना आम्ही थोरली आणि धाकटी म्हणत असू. पाहुणा या दोघींच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचं. धाकटीइतका असेल तर शून्य, थोरलीइतका असेल तर दहा. यंत्र नव्हतं, डोळा हेच यंत्र. वकील माणूस असल्यामुळे त्यांनी नियम कडक केला होता: आधी त्यांनी बघायचं, मग मी, आणि आकडा दोघांनी एकदमच बोलायचा. "साक्षीदारानं साक्षीदाराचं ऐकलं की साक्ष संपली," असं ते म्हणायचे.

दोन उन्हाळे आमचे आकडे जुळत आले. एखाद्या आकड्याचा फरक पडे, त्याहून जास्त नाही. पाहुणा थोडाफार हलत असेल, पण तेवढं आमच्या डोळ्यांना कळण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात मामंजींचा आकडा घसरू लागला. मी म्हणे सहा, ते म्हणत चार. पुढच्या खेपेला मी सहा, ते तीन. पहिल्यांदा वाटलं, हवेत धूळ आहे. मग वाटलं, माझंच चुकत असेल; त्यांची नजर मुरलेली, मी शिकाऊ. पण मी कितीही वेळ बघितलं तरी पाहुणा मला होता तिथेच दिसे.

"उतरतोय, सूनबाई! उतरतोय तो!" मामंजी गच्चीवर येरझारा घालत म्हणाले. "आपल्या डोळ्यांदेखत! कळतंय का तुला काय चाललंय ते?"

"मला तसं दिसत नाही, मामंजी."

"तुझी नजर अजून बसायची आहे."

त्यांनी कोर्टाच्या बाररूममध्ये सांगितलं, क्लबात सांगितलं. मे महिन्यातल्या व्याख्यानमालेत त्यांचं भाषण ठरलं. विषय छापून आला: 'मावळती आकाशगंगा'. अकोल्यात वकीलसाहेबांच्या शब्दाला वजन होतं. लोक मला विचारत, "तुमच्या मामंजींनी काय शोधून काढलं म्हणे?" मी हसून वेळ मारून नेई, आणि घरी आले की झोप उडे. मला त्यांचा आकडा खरा ठरायला हवा होता. तो खरा ठरत नव्हता.

त्याच सुमारास मामंजींच्या पुतण्याच्या मुलाची मुंज निघाली. मंडप अंगणातच. सासूबाई नवं लुगडं नेसून बाहेर आल्या, गडद निळं, जरीच्या काठाचं. मामंजी सोवळं नेसून पाटावर बसत होते. त्यांनी वर बघितलं आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "अगं, मुंजीला काळं काहून नेसलीस?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. शुभकार्यात काळं नेसल्याचा आरोप, तोही नवऱ्याकडून, भटजींसमोर.

"काळं कुठलं? निळं आहे हे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"निळं म्हणे! मला दिसत नाही का?"

चुलत सासूबाईंनी मधे पडून हसण्यावारी नेलं. मी हातात अक्षतांचं ताट घेऊन उभी होते. सासूबाईंबद्दल वाईट वाटायच्या आतच माझ्या डोक्यात दुसरंच काही येऊन बसलं होतं. पाहुणा निळसर होता. अंकात तसं लिहिलं होतं, आणि थोरली-धाकटी दोघी पिवळसर.

मुंज आटोपल्यावर मी मामंजींना म्हटलं, "एकदा अमरावतीला कॉलेजात याल? एक प्रयोग दाखवायचाय." ते खुशीनं आले. त्यांना वाटलं भाषणासाठी काहीतरी मिळेल.

सुट्टी लागली होती, प्रयोगशाळा रिकामी होती. मी काळे पडदे ओढले. खिडकीबाहेर आरसा लावून उन्हाची तिरीप फटीतून आत घेतली आणि लोलकातून चुन्याच्या भिंतीवर पाडली. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटला.

"मामंजी, जांभळा जिथे संपतो तिथे बोट ठेवा."

त्यांनी पुढे होऊन, नीट बघून, बोट ठेवलं.

त्या बोटाच्या पलीकडे चांगला चार बोटं रुंद पट्टा भिंतीवर होता. निळा, मग गडद निळा, मग जांभळा. तो त्यांच्या नखावर पडला होता, मनगटावर पडला होता.

"त्याच्या पलीकडे काय आहे, मामंजी?"

"भिंत आहे."

"फक्त भिंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं उलटतपासणी घेतलेला माणूस; प्रश्न कुठे चाललाय ते त्यांना माझ्याआधी कळलं. त्यांनी एक डोळा हातानं झाकून बघितलं, मग दुसरा. मग बोट भिंतीवरून न काढता हळू आवाजात म्हणाले, "तुला कुठवर दिसतं?"

मी माझं बोट ठेवलं. दोन बोटांमधलं अंतर ते बघत राहिले.

मी त्यांना सगळं सांगितलं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. हळदीच्या पाण्यातून बघावं तसं होतं. निळं आत यायचं थांबतं. थोरली-धाकटी पिवळ्या, त्यांचं फारसं काही बिघडत नाही. पाहुणा निळा, म्हणून तो एकटाच बुडतो.

"म्हणजे तो उतरला नाही," मामंजी म्हणाले.

"नाही, मामंजी."

"मोतीबिंदू."

"डॉक्टरांना दाखवू या."

त्यांनी भिंतीवरचं बोट काढलं. परतीच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं. मी हात जोडले, त्यांनी मान फिरवली. सासऱ्याला असं तोंडावर खोटं पाडलेली सून मी आमच्या नात्यागोत्यात ऐकली नव्हती. घरी येऊन मी यांना सांगितलं, तर हेसुद्धा सुन्न होऊन बसले. "त्यांचं भाषण आहे गं आठ दिवसांनी," एवढंच म्हणाले.

भाषणाला आम्ही दोघं गेलो, मागे बसलो. हॉल भरला होता, बायकांच्या बाजूलाही जागा नव्हती. मामंजींनी पाहुण्याची सगळी हकीकत सांगितली, कोट्यवधी वर्षांचा प्रकाश, जुन्या काचा, सगळं. उतरण्याबद्दल चकार शब्द नाही. मला वाटलं, ते तसंच सोडून देणार. मग पुढच्या रांगेतले एक वकील उठले. "साहेब, आपण स्वतः तो मंद होताना बघितला म्हणता ना? त्याचं सांगा की."

मामंजींनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तो मंद झाला नाही," ते म्हणाले. "माझा डोळा फितूर झाला आहे. माझ्या सुनेनं उलटतपासणीत ते सिद्ध केलं. ती मागे बसली आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, तरी कान तापलेले मला जाणवत होते. ते मला रागावतील, टाळतील, माझ्याशी बोलणार नाहीत, या सगळ्याची मी तयारी ठेवली होती. याची नव्हती. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलं नाही. लोक आपापसात कुजबुजत उठले.

डोळ्याचं ऑपरेशन मात्र ते टाळत राहिले. त्या काळी ऑपरेशननंतरही पुष्कळांची नजर परत येत नसे. त्यांना तयार केलं ते त्यांच्या एका अशिलानं. तिवशाकडचा म्हातारा शेतकरी, बांधाच्या दाव्यासाठी वर्षानुवर्षं येणारा. आदल्याच हिवाळ्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"तुमी काहून भेता, वकीलसाहेब?" तो ओसरीवर बसून म्हणाला. "मी बी भेलो होतो. आठ दिस उताणा निजवते, डोक्याच्या दोनी बाजूले रेतीच्या थैल्या ठेवते. मंग काय नाई. आता मले लिंबावरचा कावया दिसते."

"आणि रंग? रंग दिसतात का नीट?"

"रंग तं असे दिसते साहेब, का पोरीचं लुगडं पाहून मी म्हनलो, हे नवं कवा घेतलं? ते जुनंच होतं."

त्या हिवाळ्यात अमरावतीच्या दवाखान्यात मामंजींच्या उजव्या डोळ्यातलं भिंग काढलं. ते उताणे पडले होते तेव्हा मी रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. भाषणाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही. पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा लागला. बऱ्याच दिवसांनी, घरी गेल्यावर, त्यांनी सासूबाईंचं ते लुगडं ट्रंकेतून काढायला लावलं. उजेडात धरलं. मग घडी घालून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मोठा अपराध झाला माझा."

सासूबाई रडू लागल्या. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

होळीनंतरच्या पहिल्या शनिवारी मामंजींनी उजवा डोळा दुर्बिणीला लावला आणि "अरे!" म्हणून मागे सरकले. पुन्हा लावला.

"हा असा होता? सूनबाई, हा जांभळा आहे!"

मी बघितलं. मला फार तर निळसर पांढरा दिसत होता. आकडा बोललो: मी सहा, ते नऊ.

मी पुन्हा त्यांना प्रयोगशाळेत नेलं. पुन्हा पडदे, पुन्हा लोलक. जांभळा संपतो तिथे मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाच्या पलीकडे, कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर बोट ठेवलं.

"इथवर आहे."

"तिथे काही नाही, मामंजी."

"आहे. फिकट आहे, पण आहे."

मी भिंतीला नाक लावून बघितलं. चुना. पण बोट ते नेमक्या त्याच जागी ठेवत होते. मी लोलक हलवला की बोटही तितकंच हले. पुस्तकात शिकवलेलं मला माहीत होतं, जांभळ्याच्या पलीकडे किरण असतात, डोळ्याचं भिंग ते अडवतं. भिंग काढलं की वाट मोकळी होते हे ओळीनं समजतही होतं. तरी मी त्या चुन्यावरून पुन्हा हात फिरवला. ज्या भिंतीसमोर मी इतकी वर्षं वर्ग घेतले, तिच्यावर कायम काहीतरी पडलेलं होतं आणि ते माझ्या सासऱ्यांना दिसत होतं.

त्यामुळे आकडे जुळवायचं आम्ही सोडून दिलं. त्यांचा आकडा त्यांचा, माझा माझा. फक्त प्रत्येकाचा स्वतःच्या मागच्या आकड्याशी ताळा घ्यायचा. चैत्र असाच गेला. मी सहा, ते नऊ. मी सहा, ते नऊ.

मग आमच्या दोन फेऱ्या चुकल्या, घरात आजारपण होतं. तिसऱ्या पंधरवड्याला गेलो. उन्हाळा कडक होता, गच्चीवर पाणी मारलं होतं, तरी पायांना चटका बसत होता. दिवेलागण होऊन थोडाच वेळ झाला होता. मामंजींनी बघितलं आणि बाजूला झाले. मी बघितलं. भिंग पुसलं, पुन्हा बघितलं.

"बोल," ते म्हणाले.

एकदम बोललो. मी तीन. ते सहा.

दोघांचाही आकडा तीननं उतरला होता. मागच्या वर्षी याच जागी आनंदानं येरझारा घालणारा माणूस यावेळी कठड्याला धरून खाली बसला.

"पाच-सहा आठवडे," ते म्हणाले. "एवढ्यात उतरला. सूनबाई, हिशोब कर. एखादी वस्तू सगळी मिळून मंद व्हायची, तर तिच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचायला हवी. आणि खबर प्रकाशापेक्षा वेगानं जात नाही."

"म्हणजे ती वस्तू पाच-सहा आठवड्यांच्या प्रकाशाच्या वाटेहून फार मोठी नसणार."

"आकाशगंगेच्या या टोकापासून त्या टोकाला जायला प्रकाशाला किती?"

"लाखभर वर्षं."

ते कपाळाला हात लावून बसले. एवढीशी वस्तू, आणि आकाशगंगेहून तेजस्वी. मोठ्या माणसांनी मासिकांत हे लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. इथे ते माझ्याच तोंडून निघालं होतं, आणि ते ऐकून मला भीती वाटली. खरीखुरी भीती, अंधाऱ्या विहिरीत वाकून बघताना वाटते तशी. अशा वस्तू दूरच्या आकाशगंगांच्या काळजात बसलेल्या असतात हे पुढे कित्येक वर्षांनी सगळ्यांनी मान्य केलं. त्या संध्याकाळी त्याला नावही नव्हतं.

"पण दोन साक्षीदार पुरत नाहीत," मामंजी एकदम म्हणाले. "एकाला भिंगच नाही, आणि दुसरी माझी शिकवलेली." त्यांनी जिन्यातून हाक मारली, "अगं, जरा वर ये!"

सासूबाई पदराला हात पुसत वर आल्या. "पानं वाढलीत. काय झालं?"

"यात बघ."

"मी? त्या घंगाळ्यापासून मी शपथ घेतली आहे."

"आज मोड. तुझ्याशिवाय होणार नाही."

असं ते त्यांना कधी म्हणाले होते की नाही, मला माहीत नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वाकून डोळा लावला. आधी काहीच दिसेना. मग थोरली दिसली, मग धाकटी. "आणि हा मधला," त्या म्हणाल्या. "हा होय तुमचा पाहुणा? एवढाच?"

"एवढाच. तो कुणासारखा आहे ते सांग. धाकटीइतका म्हणजे शून्य, थोरलीइतका म्हणजे दहा."

त्यांनी वेळ घेतला. चूल सांभाळलेल्या बाईनं आच बघावी तसं त्या बघत होत्या.

"धाकटीहून जरासा उजळ. थोरली लांब राहिली. तीन म्हणा."

माझा हात तोंडावर गेला. मामंजींनी डोळे मिटले.

"काय झालं? चुकलं का माझं?" सासूबाई घाबरून म्हणाल्या.

मग मामंजींनी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, चटईवर बसून. सासूबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी वर बघितलं.

"म्हणजे वरचं हे सगळं बदलतं?" त्यांनी विचारलं. "मग लग्नात ध्रुव दाखवतात तो? आपल्याला दाखवला होता, तो?"

ध्रुवताऱ्याचं तेज दर चार दिवसांनी किंचित कमीजास्त होतं, आणि काही हजार वर्षांनी तो उत्तरेलाही राहणार नाही. हे मला माहीत होतं. मामंजींनीच मला ते सांगितलं होतं, नवी नवरी होऊन आले तेव्हा, याच गच्चीवर.

मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला.

"तो आहे तिथेच आहे," ते म्हणाले.

मी माझ्या पायांकडे बघत उभी राहिले.

"बरं," सासूबाई म्हणाल्या, आणि आमटी पुन्हा तापवायला खाली गेल्या.